लाकडाच्या पोराचा बाप : कार्लो कोलोदी

थोरामोठ्यांच्या चरित्रांच्या या सदरात आपण राजे, संत, शास्त्रज्ञ यांच्याविषयी नेहमी वाचता. या वेळी आम्ही एका इटालियन लेखकाची ओळख करून देत आहोत. नाव कदाचित आपण ऐकले नसेल, पण त्यांच्या पोराला मात्र आपण सगळे ओळखता. खोटे बोलले की ज्याचे नाक लांब होते, तो लाकडी बाहुला पिनोकिओ हेच ते पोर.

हा विषय निवडण्याचे कारण सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत नागपूर, पुणे, भोपाळ येथे शिकणारी आपली दादामंडळी मोहगावला येतात. त्यांच्या लॅपटॉपवर हल्ली एक खेळ दिसतो. त्याचे नाव 'लाइज ऑफ पी', म्हणजे 'पी'ची खोटी वचने. हा 'पी' म्हणजेच पिनोकिओ. धाकटी भावंडे मागे उभी राहून डोळे फाडून बघतात आणि घरातली वडील मंडळी कपाळाला हात लावतात. मुलांना वाटते, हा पिनोकिओ म्हणजे तलवार घेऊन लढणारा कोणी वीर आहे. मोठ्यांना वाटते, हे खूळ परवा परवा कोणीतरी काढले. दोघांनाही त्या पोराचा खरा बाप माहीत नाही. तो माहीत करून द्यावा म्हणून हा लेख.

जन्म व बालपण

कार्लो कोलोदी यांचे मूळ नाव कार्लो लोरेन्झिनी. त्यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८२६ रोजी फ्लॉरेन्स शहरात झाला. त्या वेळी इटली हा एक देश नव्हता. त्याचे लहानमोठे तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्यावर वेगळा राजा किंवा सरदार होता. फ्लॉरेन्स हे तोस्काना नावाच्या संस्थानाची राजधानी होते. आपल्याकडे त्याच सुमारास नागपूरला भोसल्यांचे राज्य होते आणि आपला हा मुलूख त्यात मोडत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे तो काळ डोळ्यांपुढे येईल.

वडील दोमेनिको हे जिनोरी नावाच्या धनाढ्य सरदाराकडे स्वयंपाकी होते. आई आंजोलिना ही कोलोदी नावाच्या खेड्यातली. तिचे वडील तेथील गार्झोनी घराण्याच्या इस्टेटीचे कारभारी होते. कार्लो हे थोरले. त्यांच्या पाठीवर पुष्कळ भावंडे झाली, परंतु त्यातली बरीचशी लहानपणीच दगावली. घरची ओढग्रस्त असल्यामुळे कार्लोंच्या बालपणाचा काही काळ आजोळी, कोलोदी गावात गेला. डोंगराच्या उतारावर एकावर एक रचल्यासारखी घरे असलेले ते गाव त्यांच्या मनात इतके ठसले, की पुढे लेखक झाल्यावर त्यांनी आईच्या गावाचेच नाव घेतले. आजोळच्या गावाचे नाव जगभर नेणारा असा नातू विरळाच.

जिनोरी सरदारांच्या मदतीने त्यांना पाद्री होण्यासाठी धर्मशाळेत घालण्यात आले. तेथे ते सुमारे पाच वर्षे शिकले. पण पाद्री होण्याकडे मन नव्हते. मग फ्लॉरेन्सला परत येऊन त्यांनी दुसऱ्या शाळेत शिक्षण पुरे केले. शाळेतला आपला खोडकरपणा त्यांनी पुढे स्वतःच मोठ्या गमतीने लिहिला आहे. ज्यांनी सगळ्या आळशी मुलांची खोड मोडणारे पुस्तक लिहिले, ते स्वतः वर्गातले गुणी बाळ नव्हते, ही गोष्ट आपल्यापैकी काहींना धीर देणारी वाटेल!

पुस्तकांचे दुकान, वर्तमानपत्र आणि लढाई

शिक्षण संपत आले तेव्हा वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना पियात्ती नावाच्या पुस्तकांच्या दुकानात काम मिळाले. ग्राहकांसाठी पुस्तकांची माहिती लिहिता लिहिता लेखणी हातात बसली.

१८४८ साली इटलीत स्वातंत्र्याचे वारे सुटले. उत्तरेकडील मोठा मुलूख ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. कार्लो आणि त्यांचे सोबती स्वयंसेवक म्हणून सैन्यात भरती झाले. २९ मे १८४८ रोजी कुर्तातोने व मोन्तानारा येथे तोस्कानाच्या या नवशिक्या तुकड्यांची ऑस्ट्रियाच्या कवायती फौजेशी गाठ पडली. त्यात विद्यार्थी होते, मास्तर होते, दुकानातली पोरे होती. ते हरले, पण त्यांनी शत्रूला दिवसभर अडवून धरले.

त्याच साली कार्लो यांनी 'इल लाम्पियोने' नावाचे विनोदी वर्तमानपत्र काढले. या शब्दाचा अर्थ रस्त्यावरचा दिवा. अंधारात चाचपडणाऱ्यांना उजेड दाखवावा हा हेतू. पण १८४९ मध्ये जुने राज्यकर्ते परत आले आणि दिवा विझवण्यात आला. पत्र बंद पडले. कार्लो खचले नाहीत. १८५३ मध्ये त्यांनी 'लो स्कारामुच्चा' हे नाटकांविषयीचे पत्र सुरू केले. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले ते याच साली. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्यांचे राज्य खालसा केले. जगाच्या एका टोकाला एक राज्य मावळत होते आणि दुसऱ्या टोकाला एक राष्ट्र जन्माला येण्याच्या कळा सोसत होते.

१८५६ पासून त्यांनी कोलोदी हे टोपणनाव वापरण्यास सुरुवात केली. त्या वर्षी फ्लॉरेन्स ते लिव्होर्नो या आगगाडीच्या प्रवासावर त्यांनी एक गमतीदार पुस्तकही लिहिले. १८५९ मध्ये दुसरे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले तेव्हा वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते पुन्हा लढायला गेले, या वेळी घोडदळात. आणि १८६० साली त्यांनी काय केले असेल? अकरा वर्षांपूर्वी बंद पडलेला 'लाम्पियोने' पुन्हा पेटवला! बंद पडलेली गोष्ट पुन्हा सुरू करण्याची ही सवय लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

घरची बोली आणि देशाची भाषा

१८६१ मध्ये इटली एक झाला. पण देश एक झाला तरी बोलणे एक झाले नव्हते. व्हेनिसचा माणूस एक बोली बोले, नेपल्सचा दुसरी, सिसिलीचा तिसरीच. चारपैकी सुमारे तीन माणसांना लिहिता-वाचता येत नव्हते. शिकलेल्यांची पुस्तकी इटालियन ही बहुतेकांना परक्यासारखी वाटे.

ही अडचण आम्हा मोहगावकरांना समजावून सांगायला नको. घरी आपण मराठी बोलतो, तीही आपल्या नागपुरी वळणाची. शाळा आणि कचेरी यांचा कारभार हिंदीत चालतो. पांढुर्णा आणि सौंसर या भागांतले आपल्यासारखे कितीतरी लोक पिढ्यान् पिढ्या या दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहत आले आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपला भाग मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, तरी घरातली भाषा तीच आहे.

नव्या इटलीच्या सरकारने फ्लॉरेन्सच्या लोकांची रोजची बोली पायाभूत धरून एक शब्दकोश करण्याचे ठरवले. १८६८ साली त्या कामावर कोलोदी यांना नेमण्यात आले. बाजारात, स्वयंपाकघरात, सुताराच्या दुकानात लोक कोणता शब्द वापरतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांचे वडील स्वयंपाकी आणि आई खेड्यातली. मोठ्यांच्या वाड्यात राहूनही त्यांचे कान नोकरांच्या बोलण्यावर घडले होते. ते सरकारी नोकर होते. प्रथम नाटकांच्या तपासणीच्या खात्यात आणि पुढे जिल्हा कचेरीत. नोकरी सांभाळून ते लिहीत राहिले.

१८७५ मध्ये पाजी नावाच्या प्रकाशकाने त्यांच्याकडून फ्रेंच परीकथांचे भाषांतर करून घेतले. सिंड्रेला, लाल टोपीवाली, बूट घातलेले मांजर या गोष्टी त्यांनी फ्लॉरेन्सच्या जिवंत बोलीत उतरवल्या. १८७७ साली सरकारने सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची केली आणि मुलांसाठी पुस्तकांची गरज एकदम वाढली. कोलोदी यांनी 'जान्नेत्तिनो' नावाच्या मुलाभोवती शालेय पुस्तकांची मालाच लिहिली. भूगोल असो, व्याकरण असो, हा जान्नेत्तिनो त्यात बागडे आणि मुले हसत हसत शिकत. म्हणजे पिनोकिओ लिहिण्यापूर्वीच ते शाळेतल्या मुलांचे आवडते लेखक झाले होते.

बाहुल्याचा जन्म

कोलोदी यांनी लग्न केले नाही. ते आई आणि भावाजवळ राहत. त्यांना पत्त्यांचा आणि जुगाराचा नाद होता आणि पैसा हातात टिकत नसे. चरित्र सांगताना ही गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे, कारण पिनोकिओच्या जन्माशी तिचा संबंध आहे. १८८१ साली ते नोकरीतून निवृत्त झाले. त्याच सुमारास रोममध्ये फेर्दिनान्दो मार्तिनी यांनी मुलांसाठी एक साप्ताहिक सुरू केले होते. त्यांनी कोलोदींकडे गोष्ट मागितली. कोलोदींनी काही पाने पाठवली आणि सोबत कळवले, की हा एक पोरखेळ आहे, त्याचे हवे ते करा, परंतु छापलात तर मोबदला असा द्या की पुढे लिहिण्याची इच्छा व्हावी.

७ जुलै १८८१ रोजी पहिला भाग छापून आला. नाव होते 'एका बाहुल्याची गोष्ट'. लेखकाचे वय तेव्हा चोपन्न होते.

गोष्ट थोडक्यात अशी. जेपेत्तो नावाचा गरीब म्हातारा एका बोलक्या ओंडक्यातून बाहुला कोरतो. आपल्याकडे तान्हा पोळ्याला मुले लाकडी नंदीबैल सजवून घरोघर नेतात. त्यातला एखादा बैल अचानक दावे तोडून पळाला तर जसे होईल, तसे येथे होते. पाय कोरून होतात न होतात तोच बाहुला पळतो. उपदेश करणाऱ्या रातकिड्याला तो हातोडा फेकून मारतो. शेगडीवर पाय ठेवून झोपतो आणि पाय जाळून घेतो. जेपेत्तो त्याला नवे पाय करून देतो आणि भर बर्फात अंगातला कोट विकून त्याच्यासाठी अंकलिपी आणतो.

आता पोर शाळेला निघते. वाटेत बासरी आणि ढोल ऐकू येतो. बाहुल्यांचे नाटक आलेले असते. आपल्या भागात खडी गंमत आली म्हणजे पोरांचे पाय जसे आपोआप तिकडे वळत, तसेच येथे झाले. तिकिटाला चार पैसे हवेत. पिनोकिओ अंकलिपी विकतो! बापाचा कोट थंडीत विकला गेला, त्या कोटाची अंकलिपी झाली आणि अंकलिपीचे तिकीट झाले. सगळ्या गोष्टीचे मूळ या तीन सौद्यांत आहे.

त्याच काळात आपल्याकडेही लाकडी बाहुल्यांचा एक कसबी होऊन गेला, हे येथे सांगायला हवे. १८४३ साली सांगलीला 'सीता स्वयंवर' करून मराठी रंगभूमीचा पाया घालणारे विष्णुदास भावे हे लाकडी बाहुल्या करण्यात निपुण होते. त्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी पुन्हा रंगमंचावर आणल्या. लाकडाला बोलते करण्याची हौस इटलीला होती तशी आपल्यालाही होती.

मेलेला बाहुला पुन्हा उठतो

आता गोष्टीतला सर्वांत नवलाचा भाग. कोल्हा आणि मांजर हे दोन ठग पिनोकिओच्या पाच सोन्याच्या मोहोरांवर टपतात. रात्री तोंड झाकून त्याला गाठतात आणि मोठ्या ओकच्या झाडाला फाशी देतात. बापाची आठवण काढत पिनोकिओ मरतो. ऑक्टोबर १८८१ मध्ये पंधराव्या प्रकरणाला कोलोदींनी असा शेवट केला. परी नाही, माशाचे पोट नाही, खोटे बोलल्यावर लांब होणारे नाकही नाही! अंकलिपी विकणाऱ्या पोराचे जे व्हायचे ते झाले, इतकेच.

पण इटलीतली मुले ऐकायला तयार नव्हती. साप्ताहिकाकडे पुढची गोष्ट हवी असा तगादा सुरू झाला. संपादकांनी लेखकाची पाठ धरली आणि १६ फेब्रुवारी १८८२ पासून 'पिनोकिओची साहसे' या नावाने गोष्ट पुन्हा सुरू झाली. निळ्या केसांच्या मुलीने त्याला झाडावरून उतरवून घेतले. त्यानंतरच खोटे बोलल्यावर नाक वाढण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग आला. म्हणजे पिनोकिओची जी गोष्ट जगाला सर्वांत जास्त ठाऊक आहे, ती मुलांनी हट्ट केला नसता तर लिहिलीच गेली नसती. २५ जानेवारी १८८३ रोजी शेवटचा भाग आला आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत छत्तीस प्रकरणांचे पुस्तक निघाले. त्यात एन्रिको मात्सान्ती यांची चित्रे होती.

कोरियातून आलेला पिनोकिओ

आता दादांच्या लॅपटॉपकडे वळू. 'लाइज ऑफ पी' हा खेळ दक्षिण कोरियातील राउंड एट स्टुडिओने तयार केला आणि निओविझ या कंपनीने १९ सप्टेंबर २०२३ रोजी बाजारात आणला. क्रॅट नावाचे एक कल्पित शहर आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्यासारखे गॅसचे दिवे, आगगाड्या, उंच इमारती. तेथे माणसांची सारी कामे यांत्रिक बाहुले करतात. एके रात्री ते बाहुले पिसाळतात आणि माणसांवर उलटतात. अशा शहरात 'पी' जागा होतो आणि जेपेत्तोला शोधायला निघतो.

खेळ फार कठीण आहे. शत्रूचा वार नेमका ज्या क्षणी येतो त्याच क्षणी अडवावा लागतो. निमिष आधी नाही आणि निमिष उशिरा नाही. मेल्यावर पुन्हा मागच्या विसाव्याच्या जागेपासून निघावे लागते आणि कमावलेले धन मेल्या जागी पडून राहते. तेथपर्यंत पुन्हा पोचलात तर ते परत मिळते. वाटेत दुसऱ्यांदा मेलात तर गेले. विसावा घेतला की मारलेले शत्रूही पुन्हा उभे राहतात. एकेका बॉसपाशी मुले वीस वीस वेळा हरतात. मागे उभ्या असलेल्या आजीला प्रश्न पडतो, की हरण्यासाठी एवढा वेळ घालवायचा कशाला? खेळणाऱ्याला विचारले तर तो सांगतो, की प्रत्येक हरण्यात शत्रूची एक चाल कळते. विसाव्या वेळी जिंकणारा हात तोच असतो, पण डोळा तयार झालेला असतो. २०२५ मध्ये या खेळात सोप्या पातळ्याही देण्यात आल्या, तरी अनेक मुले जुन्या कठीण वाटेनेच जातात.

ज्याने पुस्तक वाचले आहे त्याला या खेळात जागोजागी ओळखीच्या खुणा दिसतात. कंदिलात बसलेला बोलका रातकिडा आहे. कोल्हा आणि मांजर आहेत. पुस्तकात आजारी पिनोकिओ औषध प्यायला नकार देतो तेव्हा चार काळे ससे तिरडी घेऊन येतात. खेळात काळ्या सशांची एक टोळीच लढायला येते. पुस्तकातल्या बाहुल्यांच्या नाटकाचा मालक मांजाफुओको, त्याच्या नावाचा तुकडा एका आगीच्या राक्षसाला दिला आहे. पिनोकिओला खेळण्यांच्या देशात नेणाऱ्या उनाड मित्राचे टोपणनाव सर्वांना माहीत असते, पण त्याचे खरे नाव रोमिओ हे पुस्तक नीट वाचणाऱ्यालाच आठवते. खेळात तो रोमिओ बाहुल्यांचा राजा होऊन समोर उभा राहतो. आणि जेपेत्तोचा जो मुलगा वारलेला आहे, त्याचे नाव ठेवले आहे कार्लो. कोरियातल्या कारागिरांनी लेखकाचे नाव असे गोष्टीच्या गाभ्यात ठेवून दिले.

एक बाब मात्र त्यांनी उलटी केली आहे. पुस्तकात खोटे बोलले की नाक वाढते आणि फजिती होते. खेळात बाहुल्यांना खोटे बोलण्याची बंदी आहे. फक्त 'पी'ला ते जमते आणि खोटे बोलता बोलता तो माणूस होत जातो. एका खिडकीशी एक आजारी बाई आपले तान्हे बाळ मागते. 'पी'ला सापडते ती मोडकी बाहुली. तीच हातात दिल्यावर बाई विचारते, की बाळ गोड आहे ना? खरे सांगायचे की तिचे मन राखायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. येथे वार नाही, बचाव नाही, तरी पुष्कळ मुले या ठिकाणी बॉसपेक्षा जास्त वेळ थांबतात. आम्हाला वाटते, हा प्रश्न घरात जेवताना मोठ्यांसमोर मांडण्यासारखा आहे.

मात्र हेही स्पष्ट सांगतो. या खेळात रक्तपात आणि भीतिदायक प्रसंग आहेत. अमेरिकेत तो १७ वर्षांवरील मुलांसाठी ठरवला आहे. आपल्या शाळेतल्या बहुतेक वाचकांनी तो खेळण्याचे वय अजून यायचे आहे. पुस्तकाला मात्र वयाची अट नाही.

माणूस कसा झाला

पुस्तकातला पिनोकिओ माणूस होतो तो कशाने? तलवारीने नव्हे, हे खरे. खेळण्यांच्या देशात पाच महिने उनाडक्या करून तो गाढव होतो, सर्कशीत लंगडा होतो, समुद्रात फेकला जातो. शेवटी एका प्रचंड माशाच्या पोटात त्याला बाप सापडतो. म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन तो पोहत निघतो. किनाऱ्याला लागल्यावर आजारी बापासाठी एक पेला दूध हवे असते. एक बागवान सांगतो, विहिरीचे शंभर बादल्या पाणी काढ, मग दूध मिळेल. मोटेवर ज्यांचे आजे-पणजे राबले, त्या आपल्या संत्र्याच्या मुलखाला शंभर बादल्या म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. त्या रहाटाला पूर्वी जे गाढव जुंपलेले असे, ते गोठ्यात मरायला टेकलेले असते. तो त्याचा मित्र रोमिओ.

त्यानंतर पाच महिने पिनोकिओ रोज पहाटेपूर्वी उठून रहाट ओढतो. टोपल्या विणायला शिकतो. रात्री वाचायला बसतो. त्याच्याजवळ थोड्या पैशांत घेतलेले एक जुने पुस्तक असते. त्याची पहिली पाने आणि अनुक्रमणिका फाटलेली. लेखणी म्हणजे टोक काढलेली काडी. शाई नाही, म्हणून फळांचा रस. ज्या पोराने कोरी अंकलिपी चार पैशांना विकली, तेच पोर फाटक्या पुस्तकावर आणि फळांच्या रसावर शिकते. असे दिवस काढल्यावर एका सकाळी तो माणूस होऊन जागा होतो. कोपऱ्यात लाकडी बाहुला खुर्चीला टेकून पडलेला असतो.

शेवटची वर्षे

पिनोकिओ गाजला, पण कोलोदी श्रीमंत झाले नाहीत. ते शालेय पुस्तके आणि मुलांच्या गोष्टी लिहीतच राहिले. १८८६ मध्ये त्यांची आई वारली आणि त्यांना तो घाव फार लागला. २६ ऑक्टोबर १८९० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे अचानक निधन झाले. वय त्रेसष्ट होते. शहराजवळच्या टेकडीवरील सान मिनियातो येथील दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. पहिले इंग्रजी भाषांतर १८९२ साली निघाले, म्हणजे ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९४० चा वॉल्ट डिस्ने यांचा चित्रपट, १९५६ मध्ये कोलोदी गावात उभारलेले पिनोकिओचे उद्यान, २०२२ चा गिएर्मो देल तोरो यांचा चित्रपट आणि त्यानंतरचा हा कोरियातला खेळ, यांपैकी कशाचीही त्यांना कल्पना येणे शक्य नव्हते.

एक मात्र खरे. इटलीतल्या पिढ्यान् पिढ्या त्यांच्या गोष्टीवर वाचायला शिकल्या. ज्या मुलांच्या घरी वेगळी बोली होती, त्यांना देशाची भाषा या लाकडी पोराने शिकवली, कारण तो पुस्तकासारखा बोलत नव्हता. तो बाजारात बोलावे तसा बोलत होता. आपल्या मराठीसाठी असे एखादे पोर आपल्यापैकी कोणी का घडवू नये? आजीच्या तोंडचे नागपुरी शब्द, सर्पा नदीचा काठ, अर्धनारीश्वराची जत्रा, तान्हा पोळ्याचा नंदी, हे सगळे लाकूड आपल्या अंगणात पडलेले आहे. कोरणारा हात पाहिजे.

बालमित्रांनो, या लेखाबरोबर एक काम देतो. दादा पुढच्या सुट्टीत आला आणि पुन्हा खेळायला बसला, की त्याला विचारा, रोमिओ शेवटी कोण झाला होता आणि कुठे मेला? सांगता आले नाही, तर पिनोकिओचे पुस्तक मिळवून रात्री एकेक प्रकरण त्याला मोठ्याने वाचून दाखवा. छत्तीस प्रकरणे आहेत. दिवाळीची सुट्टी तेवढी नसते, म्हणून उरलेली फोनवर ऐकवा. आणि आपल्या नंदीबैलाची किंवा आपण मनाने घडवलेल्या बाहुल्याची गोष्ट घरच्या बोलीत लिहून आमच्याकडे पाठवा. अर्धी राहिली तरी पाठवा. पंधराव्या प्रकरणाला संपलेली गोष्ट पुढे कशी न्यायची, हे आता आपल्याला माहीत आहे.